कॉलेजला निघालेली मुले आणि तोंडाच्या वासाची भीती

जून उजाडला की आपल्या घरांतून दोन धांदली एकदम सुरू होतात. इकडे धूळवाफ पेरणी, बियाणे, खत, बैलजोडी नाहीतर ट्रॅक्टरचे भाडे. आणि तिकडे कॉलेजात जाणाऱ्या मुलाचा दाखला, फोटो, बसचा पास, नवी चप्पल. या गडबडीत मुलाच्या मनात काय चालले आहे ते विचारायला कोणाला सवड नसते. आम्हालाही नव्हती. म्हणूनच पुढची हकीकत सांगत आहोत.

आमच्या नात्यातली एक मुलगी. नाव देत नाही, कारण हे पान तिच्याही घरी वाचले जाते. खानापूर तालुक्यातल्या खेड्यात वाढलेली, अभ्यासात बरी, चर्चच्या गायनमंडळात पहिल्या रांगेत उभी राहणारी. बारावी झाली आणि बी.कॉम.साठी बेळगावला जाऊ लागली. पहाटे साडेपाचला उठायचे, अर्धा कप चहा घ्यायचा आणि सव्वासहाची बस पकडायची. पहिल्याच आठवड्यात बसमध्ये शेजारी बसलेल्या एका मुलीने हसत विचारले, "काय खाऊन आलीस गं सकाळी सकाळी?" विचारणारी ते दुसऱ्या दिवशी विसरलीही असेल. आमच्या मुलीने ते वाक्य गणेश चतुर्थी उलटून गेली तरी मनात धरून ठेवले.

त्या वाक्यापासून तिने बोलताना तोंडावर हात धरायला सुरुवात केली. मग रुमाल. मग बसमध्ये खिडकीची जागा मिळाली नाही तर दुसरी बस. वर्गात शेवटचा बाक. गायनमंडळात घसा बसल्याचे निमित्त. मिस्सेत शांतीचा नमस्कार करायची वेळ आली की ही खाली वाकून चपलेचा बंद पाहायची. कुमसाराला जायचे तिने बंद केले, कारण जाळीपलीकडे फादरांचा कान वीतभर अंतरावर असतो. हे आम्हाला फार नंतर कळले. त्या वेळी घरात सर्वांचा समज एवढाच, की शहरात जाऊन पोरीला शिष्टपणा आला.

शेवटी सप्टेंबरात तिने बापाला सांगितले, "मला कॉलेज नको. नाहीतरी शेतात माणूस कमी आहे." बापाला ते पटलेही. बसचा खर्च वाचेल, घरात दोन हात वाढतील. एका स्थळाची बोलणीही कोणीतरी काढली. आईने मात्र तिची पिशवी उघडून पाहिली. पुस्तकांखाली लवंगांची पुडी, पेपरमिंटच्या गोळ्यांची दोन पाकिटे, टूथब्रश, पेस्ट आणि गुळण्या करायच्या औषधाची बाटली. ब्रशच्या केसांना रक्त लागलेले होते. पोरगी कॉलेजच्या न्हाणीघरात जाऊन दिवसातून पाच-पाच वेळा दात घासत होती.

आईने आम्हाला विचारले. आम्ही मोठ्या शहाणपणाने उत्तर दिले, "पोट साफ नसेल. रात्री त्रिफळा द्या." महिनाभर तिने त्रिफळा घेतला. फायदा शून्य. आपल्याकडे शंभरातले नव्वद जण हेच सांगतील, आणि आमच्यासारखे तेही चुकतील. त्याहून मोठी चूक अशी, की वास खरोखर येतो आहे की नाही, हे आमच्यापैकी एकानेही तिला सरळ सांगितले नाही. सल्ला मात्र सगळ्यांनी दिला.

वास कोठून येतो

तोंडाला सतत वास येण्याच्या दहा तक्रारींपैकी आठ-नऊ तक्रारींचे मूळ तोंडातच असते, पोटात नव्हे. अन्ननलिका एरवी मिटलेली असते. घास गिळताना किंवा ढेकर देताना ती उघडते. तेव्हा पोटातली हवा श्वासावाटे एकसारखी बाहेर येत राहील, असे होत नाही. पित्त उसळून वर येणाऱ्यांना थोडा त्रास होतो, पण तो अपवाद समजावा. बद्धकोष्ठाचा उपाय बद्धकोष्ठासाठी करावा, तोंडाच्या वासासाठी नव्हे.

मग वास होतो कसा? ज्यांच्या घरी गोबर गॅसचा खड्डा आहे त्यांना हे समजावून सांगायला वेळ लागणार नाही. खड्ड्यात हवा शिरत नाही, आणि हवेशिवाय जगणारे जंतू शेण कुजवून वायू तयार करतात. त्या वायूत सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड थोडासा असतोच. आपल्या तोंडातही हवा न पोचणाऱ्या जागा आहेत: जिभेचा अगदी मागचा खरखरीत भाग, हिरडी आणि दात यांच्यामधली फट, किडलेल्या दाढेची पोकळी. तेथे अन्नाचे कण, लाळेतले पदार्थ आणि मेलेल्या पेशी साठतात. त्याच जातीचे, हवा न लागणारे जंतू त्यांवर जगतात आणि गंधकाचे तेच वायू सोडतात. कॅनडातील संशोधक जोसेफ टॉन्झेटिच यांनी १९६० नंतरच्या दशकांत तोंडातली हवा यंत्राने तपासून हे दाखवून दिले.

या जंतूंना रोखण्याचे काम लाळ करते. दिवसाकाठी आपल्याला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते, पण झोपेत ती जवळजवळ थांबते. म्हणून सकाळी उठल्यावर सगळ्यांच्याच तोंडाला वास येतो. राजाच्या आणि रंकाच्या, फादरांच्या आणि आमच्याही. तो रोग नव्हे. दात घासून, जीभ साफ करून, चावून काही खाल्ले की तो जातो. येथेच आपल्या कॉलेजच्या मुलांची फसगत होते. सव्वासहाची बस पकडणारे मूल अर्ध्या कप चहावर निघते, एकपर्यंत काही खात नाही, आणि कॉलेजचे स्वच्छतागृह नको म्हणून पाणीही पीत नाही. मुलींच्या बाबतीत तर हे फारच. कोरडे तोंड म्हणजे दिवसभर लांबलेली सकाळ. भाकरी चावताना जिभेचा मागचा भागही घासला जातो. चहाने तसे होत नाही. भाकरीचा एक तुकडा चटणीशी खाऊन निघालेल्या मुलाला गोळ्या चघळण्याची गरज बहुधा पडत नाही.

लसूण-कांद्याची गोष्ट वेगळी. लसणातला एक गंधकयुक्त पदार्थ पचनानंतर रक्तात जातो आणि फुप्फुसांतून श्वासाबरोबर बाहेर पडतो. त्यामुळे लसूण खाऊन कितीही दात घासले तरी काही तास वास राहणारच. जेवणाबरोबर दूध, दही किंवा सफरचंद घेतल्यास तो कमी होतो. सुक्या मासळीची चटणी आणि ठेचा डब्यात नकोच असे आम्ही म्हणणार नाही. ज्या दिवशी तोंडी परीक्षा असेल त्या दिवशी घरी राहू द्या, इतकेच.

काही कारणे तरुण वयातच जास्त आढळतात आणि त्यांची नोंद घेतली पाहिजे. पहिले म्हणजे अक्कलदाढ. सतरा ते एकवीस या वयात ती वर येऊ लागते आणि पुष्कळदा जागा नसल्याने अर्धीच येते. तिच्यावर हिरडीची झाकणासारखी घडी राहते, त्या घडीखाली अन्न अडकते आणि सडते. नेमके कॉलेज सुरू होण्याचे हे वय. आमच्या मुलीला हेच झाले होते. दुसरे, घशातल्या गाठींच्या खाचांत साठणारे पांढरट-पिवळे खडे. खोकताना ते तांदळाच्या कणीएवढे बाहेर पडतात आणि चिरडले तर फार घाण वास मारतात. ते घाबरण्यासारखे नसतात. मिठाच्या पाण्याने घसा खळखळून धुतल्यास पुष्कळांचे निघून जातात. तिसरे, नाक चोंदल्यामुळे तोंडाने श्वास घेण्याची सवय. चौथे, औषधे. सर्दीच्या, खाजेच्या काही गोळ्यांनी आणि मुरमांवर दिल्या जाणाऱ्या एका जालीम औषधाने तोंड कोरडे पडते. मुलगा अशा गोळ्या घेत असेल तर त्या आपल्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावे.

क्वचित शरीरातल्या मोठ्या दुखण्याची वर्दी श्वास देतो. संकरित गाय व्याल्यानंतर थोड्या आठवड्यांत खाणे सोडते, दूध घटते आणि तिच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा गोडसर वास येतो, तेव्हा किटोसिस झाला हे जाणता शेतकरी ओळखतो. माणसात तोच वास, आणि सोबत सारखी तहान, वारंवार लघवी, खाऊनही घटणारे वजन असेल, तर तो मधुमेह असू शकतो. कॉलेजच्या वयातही तो होतो आणि अंगावर काढला तर दोन-चार दिवसांत जिवावर बेततो. गाईसाठी आपण त्याच दिवशी पशुवैद्याला बोलावतो. मुलालाही त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. एकाच नाकपुडीतून घाण स्राव, दुर्गंधी बेडक्याचा लांबलेला खोकला, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा तोंडातला व्रण, यांनाही डॉक्टरांचे दार दाखवलेच पाहिजे.

दंतवैद्याकडे

दिवाळीच्या आसपास आमच्या मुलीला एकदाचे दंतवैद्याकडे नेले. खालच्या डाव्या अक्कलदाढेवरची हिरडी सुजलेली, दाबल्यावर पू. पुढच्या खालच्या दातांच्या आतल्या बाजूला दगडासारखे किटण. जोरजोराने घासून हिरड्या मात्र जागोजागी सोललेल्या. म्हणजे बसमधली ती मुलगी खोटे बोलली नव्हती. डॉक्टरांनी किटण काढले, दाढेखालची जागा धुतली, सूज उतरल्यावर तीन आठवड्यांनी दाढ काढली.

येथे एक जुना गैरसमज सांगितला पाहिजे. "मशीनने दात साफ केले की दात हलायला लागतात," असे आपल्या गावांतून सर्रास ऐकू येते. वस्तुस्थिती उलट आहे. किटणाने हिरडी खाली ढकलली जाते, हाड झिजते आणि दात हलतात. पण वर किटणाचा थर असेतो तो दात सिमेंट लावल्यासारखा घट्ट वाटतो. किटण निघाले की झालेले नुकसान दिसते आणि दोष साफ करणाऱ्यावर जातो. वेळेवर साफ केल्यास हे नुकसानच होत नाही.

खर्चाच्या भीतीने पुष्कळ जण थांबतात. त्यांनी दंतमहाविद्यालयाच्या रुग्णालयात जावे. तेथे शिकणारी मुले वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात आणि दर खासगी दवाखान्यापेक्षा कमी असतात. गोव्यात बांबोळीचे सरकारी दंतमहाविद्यालय १९८० पासून आहे. बेळगावात, इंदूरला आणि हैदराबादलाही अशी महाविद्यालये आहेत. सकाळी लवकर पोचून केसपेपर काढावा आणि एक पूर्ण दिवस हाताशी ठेवावा. लावणीच्या दिवसांत हे जमणार नाही, म्हणून आम्ही म्हणतो की निकाल लागल्याबरोबर, मे महिन्यातच मुलाचे दात दाखवून घ्यावेत. दाखल्यांच्या कामासाठी शहरात जातोच आहोत, त्यात हेही एक.

अक्कलदाढ दुखत असेल तर डॉक्टरांकडे पोचेपर्यंत पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा भराव्यात. जबडा सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळवेना, तर मात्र उद्यावर टाकू नये.

रोजचे दात

रोजच्या सफाईबद्दल फार लिहीत नाही, कारण ती सर्वांना ठाऊक असते आणि थोडेच करतात. फ्लोराइड असलेली पेस्ट, मऊ केसांचा ब्रश, सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी दोन-दोन मिनिटे. रात्रीचे घासणे सकाळच्यापेक्षा महत्त्वाचे, हे मात्र दोनदा सांगावेसे वाटते. रात्री लाळ आटते आणि जंतूंना मोकळे रान मिळते. कडुनिंबाच्या किंवा बाभळीच्या काडीला आम्ही नावे ठेवत नाही. पण ती दाढांच्या आतल्या बाजूला नीट पोचत नाही, म्हणून निदान रात्री ब्रश हवा. राख, कोळसा, विटेची पूड यांनी दात चकचकीत होत नाहीत, झिजतात.

जीभ आपल्याकडे पूर्वीपासून घासतात, ही चांगली चाल आहे. पण पुष्कळ जण पुढचीच जीभ घासून मोकळे होतात. वास मागे असतो. पट्टी होईल तितकी मागे न्यावी, ओकारी येईल अशी नव्हे, आणि हलक्या हाताने चार-पाच वेळा पुढे ओढावी. रक्त निघेपर्यंत खरवडणे म्हणजे साफसफाई नव्हे.

दुकानातली गुळण्यांची औषधे मुले परस्पर आणतात. त्यांपैकी क्लोरहेक्सिडिनचे औषध हिरडीच्या दुखण्यावर खरोखर गुणकारी आहे, पण ते डॉक्टर सांगतील तितकेच दिवस, साधारण दोन आठवडे घ्यायचे असते. अधिक दिवस वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात आणि तोंडाची चव जाते. पेस्टने दात घासल्यावर अर्धा तास थांबून घ्यावे, नाहीतर पेस्टमधल्या फेसाच्या पदार्थाने त्याचा जोर कमी होतो. साखरेच्या गोळ्या दिवसभर चघळल्याने वास काही मिनिटे झाकला जातो आणि दात मात्र किडतात.

आणि मशेरी. आमच्या कितीतरी मायबहिणी ती "दात घासायची पूड" म्हणून लावतात आणि मुली आईचे पाहून लावतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू, दुसरे काही नाही. तिने दात साफ होत नाहीत; हिरडी खराब होते, व्यसन जडते आणि तोंडाच्या कर्करोगाला वाट मिळते. वास मारायला म्हणून गुटखा-सुपारी चघळणाऱ्या मुलांनाही हेच सांगणे आहे. सुपारीने तोंडाची कातडी आतून आखडते आणि पुढे घास घेण्यापुरतेही तोंड उघडत नाही. अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे आणि शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत तिची विक्री करणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी ती मिळते, हे कोणालाही दिसते.

वास गेला, भीती राहिली

आता खरा प्रश्न. आमच्या मुलीची दाढ निघाली, हिरडी बरी झाली. आईने, मावशीने आणि डॉक्टरांनी तिघांनीही सांगितले, वास येत नाही. मुलीने ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रुमाल तोंडाला लावूनच बस पकडली. तिचे म्हणणे, "तुम्ही माझे म्हणून सांगता. बसमध्ये माझ्याजवळ बसलेली बाई नाकाला हात लावते, ते काय उगीच?"

हे हट्टाने किंवा नाटकाने होत नाही. स्वतःच्या तोंडाचा वास माणसाला नीट कळत नाही, कारण नाक सतत असलेल्या वासाला सरावते. गोठ्यात दिवसभर वावरणाऱ्याला गोठ्याचा वास येत नाही, तसेच. ओंजळीत श्वास सोडून हुंगण्याची जी युक्ती मुले करतात, तिच्यावर विसंबता येत नाही. मग आपल्याला कळत नाही ते लोकांच्या चेहऱ्यावर वाचायचा प्रयत्न सुरू होतो. आणि बेळगावच्या सकाळच्या बसमध्ये नाकाला हात कोण लावत नाही? कोणाला सर्दी, कोणाला डिझेलचा धूर, कोणाच्या शेजारी मासळीची टोपली. भ्यालेल्या मनाला त्यातला प्रत्येक हात आपल्यासाठीच वर गेलेला दिसतो.

तोंडाच्या वासाच्या तक्रारींचे डॉक्टर तीन भाग करतात. काहींना वास खरोखर असतो. काहींना नसतो, पण तपासून समजावले की त्यांची शंका फिटते. आणि काहींची तपासणी करून, उपचार करूनही शंका जात नाही. या तिसऱ्या प्रकारचे वर्णन डॉक्टर विल्यम प्राइस-फिलिप्स यांनी १९७१ साली तपशीलवार केले. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू झाले, या त्रासाला स्वतंत्र नाव मिळाले आहे. तो मनाचा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. जपानमध्येही डॉक्टरांना ही तक्रार फार पूर्वीपासून परिचित आहे. तेव्हा खेड्यातून आलेल्या पोरीचाच हा न्यूनगंड, असे कोणी समजू नये.

या भीतीला धंद्यानेही खतपाणी घातले आहे. लिस्टरिन हे औषध एकोणिसाव्या शतकात जखमा निर्जंतुक करण्यासाठी निघाले. १९२० नंतर अमेरिकेत त्याच्या जाहिरातींनी तोंडाच्या वासाला एक भारदस्त वैद्यकीय नाव चिकटवले आणि लग्न न जमणाऱ्या मुलींची चित्रे छापून घरोघर धास्ती पोचवली. खप अतोनात वाढला. आजच्या जाहिरातींतही एक मुलगा जवळ येतो आणि एक मुलगी तोंड फिरवते. गोष्ट शंभर वर्षे जुनी आहे, बाटली तेवढी नवी.

आणखी एक प्रयोग आमच्या मुलीला सांगितला, तो तिला आवडला. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही विद्यार्थ्यांना, घालायची लाज वाटेल असा एका गायकाचे चित्र असलेला शर्ट घालून भरल्या खोलीत जायला लावले. नंतर विचारले, किती जणांनी तुमचा शर्ट पाहिला असेल? त्यांचा अंदाज होता, निम्म्यांनी. प्रत्यक्षात साधारण चौथ्या हिश्शानेच पाहिला होता. हे २००० साली प्रसिद्ध झाले. वर्गातल्या प्रत्येकाला स्वतःच्याच शर्टाची चिंता असते.

पण नुसत्या गोष्टी सांगून भीती जात नाही. आमच्या मुलीला दंतवैद्यांनीच मानसोपचार करणाऱ्या बाईंकडे पाठवले. बापाला ते आवडले नाही; "पोरीला वेड लागले म्हणतील," म्हणाला. आईने ऐकले नाही. बाईंनी तिला जे करायला लावले ते अगदी साधे होते, पण रोजचे होते. दात दिवसातून दोनदाच घासायचे, कॉलेजात ब्रश न्यायचा नाही. पहिल्या आठवड्यात गोळ्या निम्म्या, दुसऱ्यात बंद. रुमाल पिशवीत, हातात नाही. मग बसमध्ये बाईमाणसाशेजारी बसायचे. मग वर्गात मधल्या बाकावर. प्रत्येक पायरीआधी वहीत लिहायचे, "काय होईल असे वाटते". आणि संध्याकाळी लिहायचे, "काय झाले". वहीच्या डाव्या बाजूला भयंकर गोष्टी लिहिल्या जात, उजव्या बाजूला बहुधा एवढेच: "तिने माझी नोट्सची वही मागितली."

घरच्यांनाही एक नियम घालून दिला होता, आणि तो पाळणे आम्हाला सर्वांत अवघड गेले. "वास येतो का?" असे तिने दिवसातून दहा वेळा विचारले तरी दहा वेळा "नाही" म्हणायचे नाही. प्रत्येक "नाही" तासभर पुरते आणि मग नवे लागते. आठवड्यातून एकदा, रविवारी संध्याकाळी, मावशीने खरे उत्तर द्यायचे. मधल्या दिवसांत कोणी काही बोलायचे नाही. मावशी तोंडाची फटकळ, खोटे बोलणारी नव्हे. म्हणूनच तिला निवडले. पुढे आठवड्याचा महिना झाला.

काहींना या सोबत औषधही लागते. त्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात. त्यांची नशा येत नाही, पण मध्येच आपल्या मनाने सोडायच्या नसतात. जवळ डॉक्टर नसतील तर सरकारची टेलि-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे. क्रमांक १४४१६. रात्रीअपरात्रीही लागतो आणि आपल्या भाषेत बोलता येते. मूल खोलीबाहेर पडेनासे झाले, जेवण टाकले किंवा "जगून काय करू" असे बोलले, तर ते वासाचे खूळ म्हणून हसण्यावारी नेऊ नका. त्या दिवशी त्याला एकटे सोडू नका आणि लगेच डॉक्टर गाठा.

सांगायचे कसे

पुष्कळ आईबाप विचारतात, मुलाच्या तोंडाला खरेच वास येत असेल तर सांगावे का? सांगावे. एकट्यात, भावंडांसमोर नव्हे, आणि एका वाक्यात: "तुझ्या तोंडाला काही दिवस वास येतो आहे, शनिवारी दात दाखवून येऊ." दिवस ठरवून सांगावे, म्हणजे ते ठपक्यासारखे लागत नाही. येत नसेल तर तेही तितक्याच सरळपणे एकदा सांगावे. थट्टा दोन्ही वेळी वाईट. घरात आजोबा-काकांना "तोंड मारते" म्हणून हसण्याची जी रीत असते, ती पोरे ऐकत असतात.

आणि ज्या मुलामुलींना हा घोर लागला आहे त्यांनी एकच करावे. घरातले किंवा मैत्रिणीतले एक विश्वासाचे माणूस निवडावे आणि हाताच्या अंतरावरून बोलून विचारावे, सकाळी दात घासल्यावर एकदा आणि दुपारी एकदा. उत्तर "हो" आले तर दंतवैद्याकडे जावे. "नाही" आले आणि मन मानत नसेल, तरी एकदा दंतवैद्याकडे जावेच. आणि तेथेही "नाही" आले तर ते उत्तर घेऊन मनाच्या डॉक्टरांकडे जावे. कॉलेज सोडण्याचा विचार या तिन्ही दारांच्या नंतरचा.

आमच्या मुलीचे ते वर्ष पूर्ण झाले. एका विषयात ती राहिली होती, तो तिने पुढच्या खेपेला काढला. स्थळाची बोलणी आपोआप मागे पडली. अजून कधीकधी परीक्षेच्या दिवसांत तिचा हात तोंडाकडे जातो. गायनमंडळात ती नाताळात परत आली, पण पहिल्या रांगेत नाही. दुसऱ्या रांगेत, कडेला. आता मे महिना आला की धाकट्या भावाचे दात दाखवायला तीच घेऊन जाते. तो सोळाचा आहे, आणि त्याला अजून मिशीशिवाय कशाचीच काळजी नाही.